चांगले शिक्षक टिकवणे मुख्याध्यापकाच्या हातात किती असते?

तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळा चालवणाऱ्या एका संस्थेच्या सचिवांनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे काही तुकड्या अनुदानित आहेत, म्हणजे तिथल्या शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून होतो, तर काही स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे संस्थेने स्वतःच्या पैशांवर चालवलेल्या. गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे चांगले शिक्षक मिळतात, पण दोन-तीन वर्षांत सोडून जातात. अनुदानित बाजूचे शिक्षक जात नाहीत, मात्र त्यांचा उत्साह ओसरलेला दिसतो. पगारात मोठी वाढ करणे संस्थेला शक्य नाही. अशा स्थितीत मुख्याध्यापक नेमके काय करू शकतो, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मुख्याध्यापकपदावर आणि त्यानंतर नव्या मुख्याध्यापकांना मार्गदर्शन करण्यात माझे बरेच आयुष्य गेले आहे. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे झाले आहे की, शिक्षकाला नीट शिकवता यावे यासाठी लागणारा वेळ, वर्गातला अधिकार आणि माणूस म्हणून मिळणारा मान या तीन गोष्टी जो मुख्याध्यापक रोज सांभाळतो, त्याच्याकडे शिक्षक टिकतात. शिक्षकदिनाचा सत्कार किंवा वार्षिक सहल यांना माझा विरोध नाही, पण त्यांच्यामुळे कोणी थांबल्याचे मी पाहिलेले नाही.

आधी पगाराविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण ते टाळून पुढचे सारे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. महाराष्ट्रात शिक्षणसेवकाचे, म्हणजे नेमणुकीनंतरची पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करणाऱ्या शिक्षकाचे, मासिक मानधन 1 जानेवारी 2023 पासून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये झाले. त्याआधी ते अनुक्रमे 6,000, 8,000 आणि 9,000 होते, आणि तीन वर्षांचा हा काळ शिक्षकाच्या आयुष्यातल्या नेमक्या लग्नाच्या, घरभाड्याच्या आणि कर्जफेडीच्या वर्षांत येतो. विनाअनुदानित शाळांत परिस्थिती पुष्कळदा याहून कठीण असते. आपली संस्था जास्त देऊ शकत नसेल तर निदान ठरलेले पैसे ठरलेल्या तारखेला द्यावेत. पगारपत्रकावर सही एका रकमेवर आणि हातात रक्कम दुसरी, हा प्रकार जिथे चालतो तिथे कितीही समंजस मुख्याध्यापक आणून बसवला तरी चांगला शिक्षक थांबणार नाही, आणि त्याने थांबूही नये. सुट्टीतले दोन महिने पगार तोडण्याची पद्धतही तशीच आहे. एवढे शुद्ध असेल तरच पुढच्या गोष्टींना अर्थ आहे.

आता आपण वर्णन केलेल्या दोन चित्रांकडे येतो. अनुदानित पदावरचा कायम शिक्षक सहसा राजीनामा देत नाही, कारण तशी नोकरी पुन्हा मिळणे दुरापास्त असते. म्हणून संस्थांना वाटते की तिथे गळतीचा प्रश्नच नाही. प्रत्यक्षात तिथली गळती हजेरीपटावर उमटत नाही, एवढेच. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांबरोबर संध्याकाळी थांबणारा शिक्षक हळूहळू घंटा होताच निघू लागतो. रोजच्या पाठांच्या तयारीची टाचणवही गेल्या वर्षीचीच उतरवली जाते, शिक्षकसभेत तो मान खाली घालून बसतो आणि त्याची सारी बुद्धी शेतीत, प्लॉटच्या व्यवहारात किंवा मुलाच्या परीक्षेच्या तयारीत जाते. स्वयंअर्थसहाय्यित बाजूचा शिक्षक शाळा सोडून जातो आणि अनुदानित बाजूचा जागेवर बसूनच शाळेला सोडतो. या दोन्हींची कारणे बहुतांशी एकच असतात, हे आपण ध्यानात घेतले तर उपायही दोन्हीकडे तेच लागू पडतात असे दिसेल.

या विषयावर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे रिचर्ड इंगरसोल यांनी 2001 मध्ये दाखवून दिले की, शिक्षकांची टंचाई म्हणून जे ओळखले जाते त्याचा मोठा भाग निवृत्तीमुळे निर्माण होत नाही. शिक्षक निवृत्तीच्या कितीतरी आधीच शाळा सोडतात, आणि त्यामागे कमी पगाराबरोबरच प्रशासनाकडून न मिळणारा आधार, मुलांच्या शिस्तीचे प्रश्न आणि निर्णयांत नसलेला वाटा ही कारणे असतात. न्यूयॉर्क शहरातल्या नव्या शिक्षकांवरील 2011 च्या अभ्यासातही शाळेच्या परिस्थितीच्या सर्व घटकांत मुख्याध्यापक आणि त्यांचे सहकारी यांच्याविषयीचे शिक्षकाचे मत हाच राहण्या-जाण्याचा सर्वांत प्रभावी घटक ठरला. मला स्वतःला याहून महत्त्वाचा वाटतो तो मॅथ्यू क्राफ्ट आणि जॉन पपे यांचा 2014 चा अभ्यास. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग या शाळा-जिल्ह्यातल्या शिक्षकांची दहा वर्षांतली वाटचाल पाहून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, आधार देणाऱ्या शाळांतले शिक्षक त्याच काळात इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक चांगले शिकवू लागतात. आपल्याकडची सेवाशर्तींची रचना अगदी वेगळी आहे, त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. पण जागेवर बसून विझणाऱ्या आपल्या शिक्षकांच्या संदर्भात हा शेवटचा निष्कर्ष फार बोलका आहे.

मुख्याध्यापकाची खरी कसोटी पालकांची तक्रार येते तेव्हा लागते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पालक रागाने कार्यालयात येतात, कधी बरोबर गावातले एखादे वजनदार माणूस असते. घाबरलेला मुख्याध्यापक शिपायाला पाठवून शिक्षकाला चालू तासातून बोलावून घेतो आणि पालकांसमोरच जाब विचारतो. पालक शांत होऊन जातात, मुख्याध्यापकाला वाटते प्रकरण मिटले. पण वर्गातल्या साठ डोळ्यांनी आपल्या सरांना किंवा मॅडमना बोलावणे आलेले पाहिलेले असते, शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीपर्यंत सगळी हकिगत पोचलेली असते, आणि त्या दिवशी केवळ एक शिक्षक दुखावलेला नसतो. या शाळेत आपल्या पाठीशी कोणी नाही, असा निष्कर्ष सगळ्यांनी काढलेला असतो.

याउलट योग्य पद्धत फारशी अवघड नाही. पालकांना बसवून त्यांचे पूर्ण ऐकून घ्यावे, मुद्दे त्यांच्यासमोर लिहून घ्यावेत आणि अमुक दिवशी अमुक वेळी कळवतो असे सांगून त्यांना निरोप द्यावा. शिक्षकाचा तास चालू असेल तर तो पूर्ण होऊ द्यावा. नंतर शिक्षकाशी दार लावून बोलावे, आणि पहिले वाक्य “तुम्ही असे का केले?” हे नसावे, “काय झाले ते मला सांगा” हे असावे. दोन्ही बाजू कळल्यावरच, गरज असेल तर, तिघांनी एकत्र बसावे. शिक्षक बरोबर असेल तर मुख्याध्यापकाने ते पालकांना स्वतःच्या तोंडाने सांगावे. शिक्षकाला समोर ढकलून आपण बाजूला होऊ नये. शिक्षक चुकला असेल तर ते त्याला एकांतात, पण स्पष्ट शब्दांत सांगावे.

येथे एक मर्यादा आहे, ती पुसट होऊ देऊ नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. मुलाला मारले असेल, त्याचा जातीवरून, घरच्या गरिबीवरून किंवा अपंगत्वावरून अपमान केला असेल, तर तिथे पाठराखण करण्याचा प्रश्नच येत नाही आणि कार्यवाही झालीच पाहिजे. पाठीशी उभे राहणे म्हणजे पांघरूण घालणे असे समजणाऱ्या शाळांत सज्जन शिक्षकच सर्वांत आधी कंटाळतात, कारण शेजारच्या वर्गात काय चालते ते त्यांना दिसत असते. मुख्याध्यापक न्याय करतो, अशी खात्री शिक्षकांना हवी असते. आपलीच बाजू दरवेळी घेतली जावी, अशी चांगल्या शिक्षकाची अपेक्षा नसते.

दुसरी मोठी गोष्ट वेळेची. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला 45 तास धरले आहेत आणि त्यात पूर्वतयारीचे तास समाविष्ट आहेत. कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. कागदावर हे असले तरी यू-डायस या देशपातळीवरच्या शाळा-माहिती प्रणालीची माहिती, सरल या राज्याच्या पोर्टलवरच्या नोंदी, आधारची पडताळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराचा हिशेब आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम या सगळ्यांतून शिक्षकाची सुटका नाही, हे मला ठाऊक आहे. वरून आलेले काम मुख्याध्यापक नाकारू शकत नाही. ते शाळेत कसे वाटायचे हे मात्र तोच ठरवतो, आणि माझ्या मते बहुतेक शाळा चांगले शिक्षक गमावतात त्या नेमक्या या वाटपात.

होते असे की, ज्याला संगणक येतो, ज्याचे अक्षर चांगले आहे, जो वेळेवर काम करून देतो आणि ज्याला नाही म्हणणे जमत नाही, त्याच्याकडे प्रत्येक काम जाते. जो टाळाटाळ करतो त्याला कोणी विचारत नाही. म्हणजे चांगल्या कामाचे बक्षीस म्हणून अधिक काम मिळते आणि कामचुकारपणाचे बक्षीस म्हणून मोकळे तास. दोन वर्षांत तो चांगला शिक्षक एक तर दुसरी शाळा शोधतो किंवा नाही म्हणायला शिकतो. यावर मी सुचवलेला आणि अनेक शाळांत उपयोगी पडलेला उपाय असा आहे. जूनच्या पहिल्या शिक्षकसभेत वर्षभरातली सगळी शिकवण्याव्यतिरिक्तची कामे एका कागदावर लिहून भिंतीवर लावावीत, प्रत्येकापुढे नाव घालावे, दरवर्षी ती फिरती ठेवावीत, आणि ज्याच्याकडे जड काम आहे त्याला त्या महिन्यात गैरहजर सहकाऱ्यांचे बदली तास देऊ नयेत. ज्यांना संगणक येत नाही त्यांना शिकवावे, पण सूट देऊ नये. सगळ्यांना कागद दिसतो म्हटल्यावर पक्षपाताची कुजबुज बरीच कमी होते.

व्हॉट्सॲपच्या गटावर रात्री साडेदहाला “माहिती तात्काळ पाठवा” असा संदेश येतो, तो तसाच पुढे ढकलणारा मुख्याध्यापक हा केवळ टपाल पोचवणारा आहे. एकदा घेतलेली पटसंख्येची, जातनिहाय आणि वर्गनिहाय आकडेवारी त्याने स्वतःच्या कार्यालयात अद्ययावत ठेवली, तर निम्म्याहून अधिक संदेशांना शिक्षकांपर्यंत जाण्याची गरजच उरत नाही. जे खरोखर शिक्षकांकडूनच हवे ते सकाळी शाळेत मागावे.

वेळापत्रक हेही असेच महत्त्वाचे, पण दुर्लक्षित साधन आहे. नव्याने आलेल्या शिक्षकाला सर्वांत दंगेखोर तुकडी, सगळ्यांनी नाकारलेले तास आणि पदवीत नसलेला एखादा विषय देण्याची पद्धत अनेक शाळांत जणू परंपरा म्हणून चालते. विज्ञानाच्या पदवीधराला पहिल्याच वर्षी हिंदी आणि शारीरिक शिक्षण दिले, तर तो त्या वर्षी कशातच नीट उभा राहू शकत नाही. पहिल्या वर्षी त्याला त्याचाच विषय द्यावा, शक्यतो दोनच इयत्तांना द्यावा, आणि त्याच विषयाच्या एखाद्या अनुभवी सहकाऱ्याचा आणि त्याचा एक तास आठवड्यातून एकदा एकाच वेळी मोकळा राहील अशी आखणी करावी. हा मोकळा तास बदली तासासाठी वापरायचा नाही, एवढा नियम मुख्याध्यापकाने पाळला तरी नव्या शिक्षकाला विचारायला एक माणूस मिळतो. मार्गदर्शक म्हणून नुसते नाव जाहीर करून काही साधत नाही, कारण भेटीला वेळच नसतो.

तास पाहण्याविषयीही बोलणे भाग आहे. आपल्याकडे पाठ निरीक्षण म्हणजे पंधरा मिनिटे मागे बसायचे, टाचणवहीवर सही करायची आणि लॉगबुकात “फलकलेखन सुधारावे” असे लिहायचे, असा समज आहे. शिक्षकाला यातून काही मिळत नाही, उलट आपल्यावर पाळत ठेवली जाते असे वाटते. मुख्याध्यापकाने पूर्ण तास बसावे, शिक्षकापेक्षा मुलांकडे अधिक पाहावे, आणि त्याच दिवशी शाळा सुटण्याआधी शिक्षकाशी बोलावे. बोलताना एक गोष्ट जी खरोखर चांगली झाली ती नेमकी सांगावी, म्हणजे “छान शिकवलेत” असे मोघम न म्हणता “अपूर्णांकाचा तो प्रश्न तुम्ही तीन मुलांकडून वेगवेगळ्या पद्धतीने सोडवून घेतला, त्यामुळे मागच्या बाकावरच्या मुली जाग्या झाल्या” असे सांगावे. सुधारण्याजोगी गोष्टही एकच सांगावी. चांगल्या शिक्षकाला आपले काम कोणीतरी जाणतेपणाने पाहावे अशी भूक असते, आणि ती भागवणारा माणूस शाळेत दुसरा कोणी नसतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांसाठीही वर्षाला किमान 50 तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण अपेक्षिले आहे. त्यातले थोडे तास जरी अशा संभाषणांभोवती गुंफता आले तरी प्रशिक्षण शाळेच्या गरजेशी जोडले जाईल.

यानंतर जे सांगतो आहे ते कोणत्याही नेतृत्वविषयक व्याख्यानात सांगितले जात नाही, पण आपल्या राज्यात त्याचे मोल फार आहे. शिक्षकाच्या सेवेची कागदपत्रे वेळेवर पुढे जाणे, हा मुख्याध्यापकाने दिलेला सर्वांत ठोस आधार असतो. नेमणुकीच्या वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव, ऑनलाइन पगारासाठी लागणारा शालार्थ क्रमांक, सेवापुस्तकातल्या नोंदी, भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या, वैद्यकीय देयके, बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी, हे सारे मुख्याध्यापकाच्या टेबलावरून शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे आणि पगार काढणाऱ्या वेतन पथकाकडे जाते. एखादा प्रस्ताव त्रुटीसह परत येतो आणि तसाच कपाटात पडून राहतो, मग शिक्षक स्वतः रजा टाकून जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालतो आणि तिथे त्याला जे सहन करावे लागते त्याने त्याचे मन शाळेवरून उडते. ज्या शाळेत प्रस्तावांची तारीखवार वही असते, लिपिक दर आठवड्याला ती मुख्याध्यापकाला दाखवतो आणि पाठपुराव्याला मुख्याध्यापक स्वतः जातो, तिथल्या शिक्षकांची निष्ठा मी वेगळीच पाहिली आहे. हेच प्रस्ताव अडवून शिक्षकाला वाकवण्याचे शस्त्र म्हणून वापरणारेही असतात. तसे एकदा जरी घडले तरी ते शिक्षक निवृत्त होईपर्यंत विसरत नाहीत.

शिक्षिकांच्या बाबतीत आणखी काही गोष्टींची भर घालावी लागते. स्वच्छ आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह, प्रसूती रजा आणि बालसंगोपन रजा मागताना उपकार मागितल्यासारखे वाटू न देणे, आणि तान्हे मूल असताना किंवा पहिली एसटी उशिरा येत असताना पहिल्या तासाची जागा बदलून देणे, या लहान दिसणाऱ्या तडजोडींवर अनेकींची नोकरी टिकते. ही सवलत देताना तिचे कारण शिक्षकसभेत चर्चेला येऊ देऊ नये.

निर्णयांत सहभाग देण्याविषयी माझे मत थोडे सावध आहे. प्रत्येक गोष्ट सभेत मांडून दोन-दोन तास चर्चा करणे शिक्षकांना नकोसे होते. पण घटक चाचण्यांचे वेळापत्रक, कोणत्या मुलांना जादा तास हवेत, प्रयोगशाळेसाठी काय घ्यायचे आणि सहशालेय उपक्रमांपैकी कोणते या वर्षी बंद करायचे, हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नये. शेवटचा मुद्दा विशेष, कारण शाळेत नवे उपक्रम सुरू होत राहतात आणि जुने कोणी बंद करत नाही. संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शाळेची पदे ठरतात तेव्हा, आपले पद जाणार का, अतिरिक्त ठरलो तर कोणत्या शाळेत समायोजन होणार, या भीतीखाली वावरणाऱ्या शिक्षकांना मुख्याध्यापकाने खरी आकडेवारी वेळेवर दाखवावी. अफवांपेक्षा वाईट बातमी बरी असते.

आता सचिव महोदय, थोडे आपल्या बाजूविषयी. मुख्याध्यापक शिक्षकांच्या पाठीशी तेव्हाच उभा राहू शकतो, जेव्हा त्याच्या पाठीशी संस्था असते. महाराष्ट्र खाजगी शाळेतील कर्मचारी अधिनियम 1977 आणि 1981 ची नियमावली यांनुसार मुख्याध्यापकाची नेमणूक प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने होते. त्यामुळे अनेकांना हे पद निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना, कोणतीही पूर्वतयारी नसताना मिळते. ज्येष्ठता यादी आपल्यापुढे असते आणि पुढचा मुख्याध्यापक कोण हे चार-पाच वर्षे आधीच कळते. त्या व्यक्तीला पर्यवेक्षक असतानाच वेळापत्रक, पालकांच्या तक्रारी आणि सेवाविषयक कामे यांत सामील करून घ्या. संस्थेच्या संचालकांनी शिक्षकांना थेट दूरध्वनी करून सूचना देणे, नातेवाइकाच्या मुलासाठी गुण वाढवायला सांगणे आणि उन्हाळ्यात प्रवेशासाठी शिक्षकांना गावोगाव फिरायला लावणे, या तीन गोष्टी थांबवल्या तर मुख्याध्यापकाचे अर्धे काम सोपे होईल. पट टिकवणे अनिवार्य असेल तर त्यासाठी शिक्षकांच्या सुट्टीचे ठरावीक दिवस मागा आणि उरलेली सुट्टी त्यांना घेऊ द्या.

एवढे करूनही काही जण जातील. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून दुसरीकडे निवड झाली, जोडीदाराची बदली झाली किंवा आईवडिलांजवळ राहण्याची गरज निर्माण झाली, तर चांगला शिक्षक जाणारच आणि त्यात शाळेचा दोष नाही. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे किंवा कार्यमुक्तीला विलंब लावणे असे प्रकार चुकूनही करू नयेत, कारण ते पाहून उरलेलेही वाट शोधू लागतात. जाणाऱ्या शिक्षकाशी मुख्याध्यापकाने तासभर निवांत बोलावे आणि इथे काय खटकले ते विचारावे. त्याने तयार केलेल्या प्रश्नपेढ्या, प्रयोगांच्या नोंदी आणि कोणत्या मुलाला कुठे अडते याची माहिती पुढच्या शिक्षकासाठी लिहून मागावी. आणि हाच प्रश्न, काय खटकते, जे शिक्षक अजून शाळेत आहेत त्यांना दिवाळीच्या सुट्टीआधी एकेकट्याने भेटून विचारावा. दुसऱ्या सत्रात त्यावर काही करता येते. एप्रिलमध्ये विचारले तर बहुतेकांचा निर्णय झालेला असतो.